दोन दिवसांसाठी आणलेला पटर

खारच्या दुकानदाराने तो फडक्यातून काढला
तेव्हा वाटलं, इस्त्रीच आहे,
उलटी धरलेली, मागे दोन शिंगं,
आणि दांडा टाचेला नाही, थेट पोटात खोचलेला,
तोही किंचित पुढे कललेला,
भाव विचारताना माणूस कलतो तसा.

बासष्ट हजार.
चिठ्ठी वाचून मी चष्मा पुसला.
चष्म्याला काही झालं नव्हतं.

"हा हातात वळत नाही सर," तो म्हणाला,
"तोंड सरळ म्हणजे सरळच."
गालिच्यावर नवापैकी नऊ गेले.
दुकानातल्या गालिच्यावर सगळ्यांचेच जातात.
अनामत भरली. सोमवारपर्यंत माझा.

जुना पटर केरमान सरांचा.
टँक फार्मवरून निवृत्त होताना
त्यांनी तो माझ्या टेबलावर आडवा ठेवला,
"खराब नथी हं, मलाच कंटाळा आलाय."
मुठीला मेडिकलमधली चिकटपट्टी,
पितळेवर एक खोच,
तिच्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.
बावीस वर्षं त्याने मला डावीकडे चुकवलं.
मी त्याला मराठीत शिव्या दिल्या, मग गुजरातीत,
आणि क्लबात चहा ढवळत सांगत राहिलो,
हात चांगलाय हो माझा,
हत्यार दगा देतं.

रविवारी चेंबूरला, दव वाळायच्या आधी,
सिद्रामने नवा पटर पिशवीतून उपसला,
उलटासुलटा केला.
"साहेब, ह्यानं पापड लाटायचे का भिंत पाडायची?"

सातव्या ग्रीनवर होल सहा फुटांवर.
सिद्राम उकिडवा बसला,
एक डोळा मिटून गवताकडे बघत राहिला,
पाहुण्याच्या पायांकडे बघावं तसा.
"खाडीकडे ओढ आहे. दीड वीत उजवीकडे धरा."
मी अर्धी वीत धरली.
दीड वीत मला नेहमीच जास्त वाटते.
चेंडू अगदी मी सांगितलं तसाच निघाला,
हूं नाही, चूं नाही,
आणि बरोबर एक वीत डावीकडून गेला.

सिद्रामने चेंडू उचलला, पँटला पुसला.
"हा काय चुकत नाय साहेब.
मग आता चुकायचं कुणी?"

रात्री हॉलमध्ये फरशीवर फुलपात्र आडवं ठेवलं.
शालन किमतीबद्दल अवाक्षर बोलली नाही.
चांगलं फुलपात्र उचलून नेलं,
पोचा आलेलं आणून ठेवलं, आणि झोपायला गेली.
नवा मारला: डावीकडे.
जुना मारला: डावीकडे.
खालून दळवींचा फोन, "गोट्या खेळताय का?"
अकरा वाजता माळ्यावरून पाणसळ काढली,
नोकरीतली, पिवळी, काचेवर चरा पडलेली.
फरशीवर टेकवली.
बुडबुडा हलला, थांबला,
रेषेच्या बाहेर जाऊन बसला.

बावीस वर्षं मी ह्याच फरशीवर सराव केला.
टाक्यांचे पाये तपासून पगार घेतला,
एका सुताने कललेली टाकी मी नापास करायचो,
आणि घरी
पाणसळ माळ्यावर.

बासष्ट हजार ही पटरची किंमत नव्हे,
असं काहीतरी मला रात्री सुचलं होतं.
सकाळी ते तितकंसं खरं वाटलं नाही.
बासष्ट हजार ही पटरचीच किंमत आहे,
अधिक टॅक्स.

सोमवार. कॅडींचा खेळायचा दिवस.
मी गेटवर जाऊन सिद्रामला म्हटलं,
आज हा घे, मारून बघ, मला सांग.
त्याच्या काखेत कुणीतरी टाकून दिलेला पटर,
दांडा मध्येच वाकडा.
"नको साहेब. ह्याचा वाक मला पाठ आहे.
सरळ घेतला तर पुन्हा पहिलीत बसावं लागंल."

तो आत गेला. मी कुंपणाशी उभा राहिलो,
एका खांद्यावर शिंगं, दुसऱ्यावर चिकटपट्टी.
सातव्यावर तो उकिडवा बसलेला दिसला.
खिशात दुकानदाराचा फोन थरथरतोय.
मी बोटं पसरून हवेतच
दीड वीत मोजून बघतोय.
अजूनही जास्तच वाटते.